कोयीच्या फळांची बेगमी

बाजारातून दोन डझन आंबे आणणं आणि दारच्या झाडाचे आंबे एकदम उतरणं, या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारातले आंबे आपण मोजून, आपल्या सवडीने आणतो. झाड आपली सवड बघत नाही. वर्षभर ते मुकाट्याने उभं असतं आणि मग पंधरा-वीस दिवसांत सगळा हिशेब आपल्या पदरात टाकून मोकळं होतं. मग घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येतात, ‘यंदा फार लागलेत, कोणी येताय का?’ असा निरोप येतो. मुलं बंगळुरूला नाहीतर पुण्याला, नातवंडांच्या शाळा-क्लास, आणि घरी दोघंच म्हातारे. त्यातल्या एकाला डायबेटिस. अशा घरात दोनशे आंबे म्हणजे आनंद किती आणि काळजी किती, ते त्यांनाच विचारावं.

या वेळी आपण दारी पिकलेली कोयीची फळं टिकवण्याबद्दल बोलू. कोयीची म्हणजे मधोमध एक टणक बी आणि भोवती गर असलेली: आंबा, आडू म्हणजे पीच, आलुबुखार म्हणजे प्लम, जर्दाळू, चेरी. (नारळही वनस्पतिशास्त्रात याच कुळाचार्‍यातला. पण त्याचा खोवलेला कीस फ्रीजरमध्ये कसा ठेवायचा हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही.) महाराष्ट्रात, गोव्यात, आंध्रात, लखनौकडे आंबा, डेहराडून, हिमाचल, पंजाबकडे आडू आणि प्लम, लडाखमध्ये जर्दाळू. झाडं वेगळी असली तरी अडचण एकच. फळ पिकलं की हातात दिवस फार थोडे उरतात.

आणि इथेच बहुतेक जण थेट फ्रीजरकडे वळतात. ‘राहिलेत ना, टाक फ्रीजरमध्ये.’ माझं म्हणणं असं की राहिलेलं फळ फ्रीजरमध्ये टाकायचंच नाही. फ्रीजर फळाला बरं करत नाही, ते ज्या अवस्थेत आत गेलं तिथेच थांबवतो. उणे 18 अंशाला जंतूंची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. फळातली एन्झाइम्सही पूर्ण झोपत नाहीत, हळूहळू काम करत राहतात. म्हणून आत जाताना जे उतरायला लागलं होतं, ते बाहेर येताना उतरलेलंच असतं, वर मऊ आणि पाणचट. फ्रीजरचा मान सगळ्यात चांगल्या फळाला. बाकीच्यांसाठी कढई आहे, ऊन आहे, शेजारी आहेत.

आधी निवडणं

खरं काम झाडाखालीच सुरू होतं. आंबा, आडू, प्लम, जर्दाळू ही फळं तोडल्यावरही पिकत राहतात. चेरी मात्र तोडली की तिथेच थांबते, तिला झाडावरच पिकू द्यावं लागतं. तोडल्यावर पिकणाऱ्या फळांचा फायदा असा की सगळा माल एकाच दिवशी पिकवण्याची सक्ती नसते. आंब्याला पाड लागला, म्हणजे झाडावर पिकून पहिली दोन-चार फळं आपोआप खाली आली, की उतरवायला सुरुवात करावी, पण दोन-तीन टप्प्यांत. देठाजवळचे खांदे भरून वर आलेले, देठ किंचित खड्ड्यात गेलेला, ते आधी काढावेत. झेल्याने काढताना बोटभर देठ राहिला तर चीक सालीवर ओघळत नाही आणि साल करपत नाही.

काढलेला कच्चा आंबा ‘जरा उशिरा पिकू दे’ म्हणून फ्रीजमध्ये ठेवू नका. आंबा उष्ण प्रदेशातलं फळ आहे. साधारण 13 अंशांच्या खाली कच्चा आंबा बाधतो, मग तो बाहेर काढला तरी नीट पिकत नाही, साल काळवंडते आणि चव बेचव. भाताच्या पेंढ्याची अढी, पेंढा नसेल तर कागद घातलेलं खोकं, हेच बरं. पिकल्यावर मात्र तीन-चार दिवस फ्रीजमध्ये खुशाल राहतो.

रोज सकाळी अढी उघडून आंबे तीन ठिकाणी करायचे. एकीकडे नुकते पिकलेले, वास सुटलेले, पण दाबल्यावर अजून अंगात जोर असलेले. हे फ्रीजरचे. दुसरीकडे फार मऊ झालेले, एखादा डाग पडलेले. डाग काढून हे त्याच दिवशी शिजवायचे. तिसरीकडे फुटलेले, बुरशी आलेले, फळमाशीने टोचलेले. त्यांच्याकडे बघून हळहळू नका. मऊ फळात बुरशी दिसते त्याच्या बरीच आत गेलेली असते, तेवढा भाग कापून टाकल्याने काम भागत नाही. फळमाशीची फळं झाडाखाली सडायला ठेवली तर आतल्या अळ्या मातीत उतरतात आणि पुढच्या फळांना तोच त्रास होतो. ती गोळा करून खोल पुरावीत.

हापूस असेल तर आणखी एक. बाहेरून सोन्यासारखा दिसणारा आंबा आत साका निघू शकतो, म्हणजे गर फिकट, स्पंजासारखा आणि आंबट. वरून तो ओळखता येत नाही. म्हणून हापूस कधीही न चिरता, अख्खा फ्रीजरमध्ये टाकू नये. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1981 साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली ‘रत्ना’ ही जात साक्यापासून मुक्त आहे. दारात रत्ना असेल तर तुमची ही एक चिंता मिटली. बाकीच्यांनी प्रत्येक फळ चिरून, बघून, मगच पुढे न्यावं.

फ्रीजरमध्ये काय आणि किती

हिशेब आधी करा. हापूसच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश गर मिळतो, रायवळचा त्याहून बराच कमी, कारण कोय मोठी आणि साल जाड. म्हणजे दहा किलो हापूस घेऊन बसलात तर सहा-साडेसहा किलो गर हाताशी येणार. तो सगळा एका रात्रीत फ्रीजरमध्ये कोंबायचा नाही. 28 लिटर जागेला एका दिवसात साधारण एक किलो नवा माल, हे प्रमाण सुरक्षित. 60 लिटरच्या फ्रीजरमध्ये दिवसाला दोन किलो, फार तर सव्वादोन. त्याहून जास्त टाकलं तर आतलं तापमान वर चढतं, आधीचा माल मऊ पडतो आणि नवा इतक्या सावकाश गोठतो की त्यात बर्फाचे मोठे, टोकदार कण तयार होतात. हे कण गराच्या पेशी फाडतात. वितळल्यावर ताटलीत जे पाणी सुटतं ते तिथून येतं.

घरचा फ्रीजर कारखान्यातल्यासारखा झपाट्याने गोठवू शकत नाही, त्यामुळे थोडं पाणी सुटणारच. डिसेंबरात काढलेली फोड मे महिन्यातल्या फोडीसारखी लागेल अशी अपेक्षा ठेवून हे काम करू नका. फ्रीजरमधला आंबा श्रीखंडात, शिऱ्यात, मिल्कशेकमध्ये, आइस्क्रीममध्ये आणि पुरीबरोबर रस म्हणून उत्तम. वाटीत घालून काट्याने खायला नव्हे.

फोडी ठेवायच्या तर पद्धत सोपी आहे. आंबे धुऊन, पुसून कोरडे करा. साल काढा, इंचभर फोडी करा. ताटलीला बटर पेपर लावून फोडी एकमेकींना चिकटणार नाहीत अशा एका थरात पसरा आणि तीन-चार तास गोठवा. दगडासारख्या झाल्या की पिशवीत भरा, पिशवीतली हवा दाबून काढा आणि तोंड घट्ट बंद करा. थेट पिशवीत भरल्या तर एक मोठा ढेकूळ होतो आणि वाटीभर हवा असला तरी आख्खा वितळवावा लागतो. पिशवीत हवा राहिली तर फोडी सुकून पांढरट पडतात, चवीला कागदासारख्या.

रसासाठी रायवळ आणि पायरी. दोऱ्या फार असतील तर रस चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढा. मिक्सरमध्ये खूप वेळ फिरवला की रसात हवा मिसळते आणि त्याने रंग-वास दोन्ही लवकर जातात. डब्यात भरताना वर बोटभर जागा सोडा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं, काठोकाठ भरलेली काचेची बरणी फ्रीजरमध्ये तडकते आणि मग रस काय, काच काय, सगळंच फेकायचं. मी तर म्हणेन, फ्रीजरसाठी काच वापरूच नका. जाड पिशवीत रस भरून ती ताटलीत आडवी ठेवावी. गोठली की पुस्तकांसारख्या उभ्या रचता येतात आणि पातळ असल्यामुळे गोठतातही लवकर.

पुडी किती मोठी, हा प्रश्न किरकोळ वाटतो पण तसा नाही. एकदा वितळलेला रस पुन्हा गोठवायचा नसतो. म्हणून पुडी तेवढीच, जेवढी त्या घरात एका वेळी संपते. चौघांच्या घरात अर्धा किलो चालेल. दोघांच्या घरात दोनशे ग्रॅम पुष्कळ. ज्यांना साखर चालत नाही त्यांच्या पुड्या बिनसाखरेच्या आणि खूण करून वेगळ्या ठेवाव्यात. आंब्याचा रस साखरेशिवायही गोठवता येतो, साखर टिकण्यासाठी लागत नाही, फक्त रंग आणि पोत थोडा अधिक सांभाळते. पुडीवर फळ, जात आणि तारीख लिहा. सप्टेंबरात गोठलेला पिवळा ढेकूळ आंबा आहे की भोपळा, हे कोणी सांगू शकत नाही.

उणे 18 अंशाला हा माल आठ ते बारा महिने चांगला राहतो. त्यानंतर खराब होतो असं नाही, फक्त चव आणि वास हळूहळू फिके पडतात. मात्र हे उणे 18 अंश खरोखर असायला हवेत. एका दाराच्या फ्रीजमध्ये वर जो बर्फाचा कप्पा असतो तो सहसा इतका थंड होत नाही. साधी परीक्षा आहे: आइस्क्रीमचा डबा रात्रभर ठेवून सकाळी चमचा खुपसा. चमचा सहज आत गेला तर तो कप्पा बर्फाचा आहे, फ्रीजर नव्हे. त्यात रस आठ-पंधरा दिवसांपुरताच ठेवा.

वितळवायचा तो आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये ठेवून. ओट्यावर ठेवला तर बाहेरचा भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि आत अजून दगड असतो, आणि गोठलेले जंतू तेवढ्यात जागे होतात.

विजेचा भरवसा

आता कोकणातल्या घरांसाठी वेगळं सांगायला हवं. आंब्याचा शेवटचा तोडा आणि वळवाचा पाऊस यांची गाठ ठरलेली. वारा सुटतो, फांद्या तारांवर पडतात आणि वीज जाते. कधी तासाभरासाठी, कधी दोन-दोन दिवस. नेमका तेव्हाच फ्रीजर नव्या मालाने भरलेला असतो.

स्वतंत्र, गच्च भरलेला डीप फ्रीजर दार न उघडता साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. फ्रीजच्या वरचा छोटा फ्रीजर त्याहून बराच कमी. वीज गेली की दार उघडून ‘बघू या कसं आहे’ हा मोह टाळा. रिकामी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या, अर्थात पाऊण भरलेल्या, गोठवून ठेवाव्यात, त्या थंडी धरून ठेवतात. आणि वीज आल्यावर जे अजून बर्फाच्या कणांसकट गार आहे ते ठेवावं, जे कोमट झालं ते शिजवून लगेच संपवावं, आंबूस वास आला असेल तर टाकावं.

पण माझ्या मते खरा उपाय असा की सगळा आंबा विजेच्या हवाली करायचाच नाही. आपल्या आज्या-पणज्यांकडे फ्रीजर नव्हता, तरी त्यांच्या माळ्यावर भाद्रपदात गणपतीच्या नैवेद्याला आंबा असायचा. त्यांनी फळाची वाटणी ऋतूप्रमाणे केली होती आणि ती आजही तितकीच बरोबर बसते.

चैत्रात वाऱ्याने ज्या कैऱ्या गळतात त्यांच्या फोडी करून, मीठ-हळद लावून कडकडीत उन्हात वाळवल्या की आंबोशी. बरणीत भरली की पावसाळाभर आमटीला, माशाच्या कालवणाला आंबटपणा तयार. शिजवलेल्या कैरीचा गर पन्ह्यासाठी गोठवता येतो. हा गर आंबट असल्यामुळे निर्धास्त टिकतो आणि फ्रीजरमधली जागाही थोडीच खातो.

मे महिन्यात पहिले पिकलेले आंबे साठासाठी. तूप लावलेल्या ताटात रसाचा पातळ थर ओतायचा, उन्हात वाळवायचा, वाळला की त्यावर दुसरा. वरून पातळ मलमलीचं कापड. ऊन नसेल तर साठ होत नाही, नुसता आंबतो, म्हणून हे काम ढग जमायच्या आत आटोपावं लागतं. जून लागला की साठाचा नाद सोडा.

मऊ पडलेल्या आंब्यांचा रस आटवायचा. जाड बुडाच्या कढईत रस आणि त्याच्या निम्मी साखर, लाकडी उलथण्याने सतत ढवळत. शेवटी शेवटी रस घट्ट होऊन फटाफट उडायला लागतो आणि हाताला भाजतो, म्हणून लांब बाह्यांचं काहीतरी घाला आणि मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नका. गोळा कढईच्या कडा सोडायला लागला की झालं. गार करून कोरड्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवला तर आंबावडीला, मोदकाच्या सारणाला महिनोन्‌महिने पुरतो. वीज दोन दिवस गेली तरी याला फारसं काही होत नाही, कारण त्यात पाणी थोडं आणि साखर भरपूर. दहा किलोंच्या आंब्यातून ही दोन बरण्यांची गोष्ट होते. फ्रीजरमधली जागा किती वाचते ते बघा.

आणि वानवळा. आपल्या झाडाचं पहिलं फळ शेजारी-पाजारी जायचं, ही पद्धत नुसत्या चांगुलपणाची नव्हती. एकाच झाडाचे दोनशे आंबे एका घराने खायचे नसतातच. त्यांचे आंबे जूनमध्ये, आपले मेमध्ये, त्यांचे फणस आपल्याकडे. दोघांच्या घरात म्हातारीने एकटीने बसून दहा-पंधरा किलो आंबे सोलत राहावेत, यात मला काही कौतुक वाटत नाही. दूर असलेल्या मुलांना डिसेंबरात रस हवा असेल तर मेमध्ये दोन दिवस येऊन सुरी हातात घ्यावी. नाहीतर निदान फोनवरून ‘आई, सगळं ठेवून दे हं’ असं म्हणू नये.

डोंगरातली फळं

माझी आत्या गेली अनेक वर्षं डेहराडूनला आहे. तिच्या मागच्या अंगणात आडूचं झाड आहे आणि आडूचा हंगाम म्हणजे तिच्यासाठी आपल्या आंब्याइतकीच धांदल. आडू आंब्यापेक्षाही नाजूक. चिरला की दहा मिनिटांत तपकिरी पडतो. हवेतल्या प्राणवायूने गरातलं एक एन्झाइम कामाला लागतं, एवढंच त्यामागे आहे. लिंबाचा रस लावला की ते मंदावतं.

आडू सोलायला सुरी लागत नाही. उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात, की साल हाताने निघते. मग फाका करून किलोला साधारण दोनशे ग्रॅम साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस लावून दहा मिनिटं ठेवायच्या. साखर विरघळून जो पाक सुटतो त्यात फाका बुडलेल्या राहिल्या तर हवा लागत नाही आणि रंग टिकतो. त्या पाकासकट डब्यात. काही आडूंची कोय गरापासून सुटी असते, काहींची घट्ट चिकटलेली. चिकट कोयीच्या फळाच्या सुरेख फाका काढायच्या हट्टाला पेटू नका. गर कसाही ओरबाडून काढा आणि जॅम करा.

प्लमला सोलायची गरज नाही. अर्धे करून, कोय काढून, आंब्याच्या फोडींसारखे ताटलीत गोठवायचे. त्याची आंबट साल जॅमला रंगही देते आणि घट्टपणाही.

जॅमबद्दल डोंगरात राहणाऱ्यांना एक सूचना. पाककृतीत ‘105 अंशाला जॅम झाला’ असं लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीसाठी. शिमल्याच्या उंचीवर पाणीच 92-93 अंशांना उकळतं. तिथे 105 ची वाट बघत बसलात तर जॅमचा चिक्कीसारखा गोळा होईल. आपल्याकडे पाणी ज्या अंशाला उकळतं त्यात चार-पाच अंश मिळवायचे. थर्मामीटर नसेल तर फ्रीजरमध्ये गार केलेल्या बशीत थेंब टाकून बोट फिरवा. पृष्ठभागावर सुरकुती आली की उतरवा.

लडाखला फ्रीजरची ही सगळी उठाठेव लागत नाही. तिथली कोरडी हवा आणि उन्हाळ्यातलं तिखट ऊन जर्दाळूला छपरावरच वाळवून देतं. आपल्याकडच्या दमट हवेत तसं करायला जाऊ नये, बुरशी आधी पोहोचते.

आडू, प्लम आणि कडू जर्दाळू यांच्या कोयी फोडून आतला गर मुलांना खाऊ देऊ नका, जॅममध्ये बदामी वासासाठीही घालू नका. त्यात अॅमिग्डॅलिन असतं आणि पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड तयार होतं. गोड गराचे जर्दाळू वेगळे, पण दारच्या झाडाचं बी कडू आहे की गोड हे बालवाडीतल्या मुलाने चाखून ठरवायचं नसतं.

बाटल्यांचा विषय

कोकणात कित्येक घरांत रस बाटलीत भरून, घट्ट बूच लावून बाटल्या उकळतात आणि वर्षभर बाहेर ठेवतात. याबद्दल मी थोडी कडक बोलणार आहे. हवाबंद बाटलीत बोट्युलिझमचा जंतू वाढू नये यासाठी आतलं अन्न पुरेसं आंबट लागतं, पीएच 4.6 पेक्षा कमी. कैरी त्या खाली आरामात बसते. पण पूर्ण पिकलेला गोड आंबा काही वेळा ही रेघ ओलांडतो, आणि जीभ ते सांगू शकत नाही. त्यामुळे पिकल्या आंब्याचा नुसता रस, सायट्रिक अॅसिड न घालता, बाटलीत उकळून कपाटात ठेवणं मला पटत नाही. ‘आमच्याकडे कधी काही झालं नाही’ हे ऐकून माझं मत बदलत नाही. फुगलेलं बूच, फेस, विचित्र वास असेल तर चाखून बघू नका, फेका. तसं काही दिसत नसलं तरी तेवढ्यावरून बाटली निर्धोक ठरत नाही.

स्क्वॅश करायचा असेल तर आंब्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि प्लम, जांभूळ अशा रंगीत फळांसाठी सोडियम बेंझोएट वापरतात, कारण पहिलं रसायन जांभळा-लाल रंग उडवतं. मोजताना अंदाज नको, स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या आणि पाकिटावरचं प्रमाण पाळा. घरात कोणाला दमा असेल तर मेटाबायसल्फाइट टाळाच, त्यातून सुटणाऱ्या वायूने काहींना झटका येतो. अशा घरात फ्रीजर आणि आटवलेला रस हेच बरे. आणि मोठं झाड असेल तर कोकणात काही ठिकाणी कॅनिंगवाले तुमचेच आंबे घेऊन, मजुरी लावून, रसाचे डबे करून देतात. जवळ अशी सोय आहे का, ते एप्रिलमध्येच विचारून ठेवा. मेच्या शेवटी त्यांच्याकडे उभं राहायला जागा नसते.

राहिल्या आंब्याच्या कोयी. रस काढून झाला की त्या धुऊन सावलीत ठेवा. आंब्याची कोय फार दिवस जिवंत राहत नाही, महिनाभरात तिची उगवण्याची ताकद संपत जाते, आणि फ्रीजरमध्ये गेलेली तर कधीच उगवत नाही. रायवळच्या चार-सहा जाड कोयी निवडून लगेच वाफ्यात किंवा माती-शेणखत भरलेल्या पिशवीत लावा. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोवळा कोंब वर येतो. पाने हिरवी व्हायच्या आत त्यावर आवडत्या झाडाची काडी बांधून कोय कलम करता येतं. कलम बांधणारा माणूस गावात असेल तर त्याला जूनच्या शेवटच्या आठवड्यासाठी आत्ताच सांगून ठेवा.